बैलाची गोळी आणि आमचा टिप्या

मैत्रिणींनो, मूल रांगायला लागलं की घरातली औषधं आपण वरच्या फळीवर चढवतो. डोकेदुखीच्या गोळ्या, सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, खोकल्याची बाटली, सगळं उंचावर जातं. हे कुणी शिकवावं लागत नाही. पण गोठ्यातल्या औषधांचं काय? ती गोठ्याच्या देवळीत असतात, खुंटीला टांगलेल्या पिशवीत असतात, नाहीतर सरळ कडब्याजवळ पडलेली असतात. ते पुरुषमाणसांचं खातं, अशी आपली समजूत. माझीही तीच होती, २०२५ च्या पोळ्याच्या आठवड्यापर्यंत.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यातलं, मंगरुळपीर तालुक्यातलं. सोयाबीन-तुरीचं शेत, एक बैलजोडी, एक म्हैस आणि टिप्या नावाचं कुत्र्याचं पिल्लू. टिप्या तेव्हा तीन महिन्यांचा होता. त्याला आम्ही विकत बिकत आणलं नाही. आमच्या धाकट्यानं एक दिवस शाळेतून येताना त्याला दप्तरात घालून आणलं आणि पुस्तकं हातात धरून आणली. मी स्वतः शिक्षिका, तासिका तत्त्वावर का होईना, त्यामुळे पुस्तकांवरून रागवावं की पिल्लावरून, हे ठरेपर्यंत टिप्यानं चुलीजवळची जागा धरली होती.

तर पोळा शुक्रवारी होता आणि त्याआधी शनिवारी सर्ज्याचा पाय मुरगळला. बांधावरून उतरताना पाय घसरला, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. पोळ्याच्या आठवड्यात बैल लंगडणं म्हणजे काय, हे खेड्यातल्या बाईला सांगायला नको. वर्षभर राबणाऱ्या जनावराचा एक दिवस, त्या दिवशी तो तोरणाखाली उभा राहायला नको का? जनावरांच्या डॉक्टरांनी सूज आणि दुखणं कमी होण्यासाठी मेलोक्सिकॅमच्या गोळ्या दिल्या. बैलाची गोळी म्हणजे आपल्यासारखी चिमुकली नव्हे, चांगली बोटाएवढी जाड असते. एकेका गोळीत १०० मिलिग्रॅम औषध. सर्ज्याच्या वजनाला रोज दीड गोळी, तीन दिवस. चार-चार गोळ्यांची दोन पाकिटं आणली.

सोमवारी दुसरा दिवस. श्रावणातला शेवटचा सोमवार, सासूबाईंचा उपास. मी शाळेतून येऊन भगर आणि शेंगदाण्याची आमटी चुलीवर ठेवलेली. यांनी सर्ज्याचं तोंड उघडून अख्खी गोळी जिभेच्या मुळाशी सारली आणि यांना कुठेतरी जायचं होतं म्हणून म्हणाले, "अर्धी तेवढी तू दे, गुळात." मी गुळाच्या खड्यात अर्धी गोळी खुपसली, सर्ज्यापुढे धरली, त्यानं जीभ फिरवून आत घेतली. तेवढ्यात आमटी उतू गेल्याचा वास आला आणि मी धावले.

बैलानं गोळी तोंडात घेतली म्हणजे गिळली असं नसतं. बैल शहाणा प्राणी आहे. गूळ विरघळेपर्यंत चघळतो आणि कडू लागलं की बाजूला टाकून देतो. आमटीखालचा जाळ मी ओढला असेल-नसेल, धाकटा ओरडला, "आई, टिप्या सर्ज्याचा गूळ खातोय!"

मी गेले तेव्हा गव्हाणीखाली पांढऱ्या चुऱ्याचे चार कण आणि टिप्याच्या मिशांना लागलेला गूळ, एवढंच उरलं होतं. टिप्या शेपूट हलवत माझ्याकडे पाहत होता.

पुढची दहा मिनिटं मी तुम्हाला जरा सविस्तर सांगणार आहे. पिल्लाचं बरंवाईट त्या दहा मिनिटांत ठरतं, आणि त्यात मी दोन गोष्टी चुकीच्या करता करता वाचले.

सासूबाई आल्या. त्यांचा हात घरगुती औषधात चांगला आहे, मी मुलांच्या आजारपणात त्यांचंच ऐकत आले. त्या म्हणाल्या, "अवं सूनबाई, पाहात काय बसली? त्याले मिठाचं पाणी पाज, उलटून टाकन सारं." आमच्याकडे शेतातली फवारणी कुणाला लागली तरी पहिला उपाय हाच. कुणी रिठ्याचं पाणी सांगतं, कुणी मोहरीचं, कुणी गोडं तेल पाजतं. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून सांगितलं, "दूध पाजा, विष उतरतं." आणि सासूबाईंनी तोवर चुलीतला विझलेला कोळसा खलबत्त्यात कुटायला घेतलासुद्धा!

मी पेल्यात मीठ घातलं होतं. खोटं कशाला बोलू? पण पाणी घालायच्या आधी डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "काही पाजू नका."

मिठाचं पाणी का नको, ते नंतर त्यांनीच समजावलं. चार किलोच्या पिल्लाला वाटीभर खारं पाणी गेलं आणि उलटी झाली नाही, तर ते मीठ रक्तात उतरतं. मेंदूवर सूज येते, झटके येतात, पिल्लू गोळीनं नाही पण मिठानं जातं. बोट घशात घालून ओकवायला गेलं तर घसा फाटतो, शिवाय आपलं बोटही फोडून घेतो. तेलाची धार घशात सोडली तर श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाची न्यूमोनियासारखी अवस्था होते. दुधानं विष उतरतं हा तर निव्वळ समज आहे, उलट पोट बिघडून पुढची लक्षणं ओळखणं अवघड होतं. आणि चुलीतला कोळसा हा औषधी कोळसा नव्हे. दवाखान्यात देतात तो खास प्रक्रिया केलेला बारीक कोळसा असतो, तो औषधाला आपल्या अंगाशी चिकटवून ठेवतो. आपल्या कोळशानं फक्त तोंड काळं होतं. (सासूबाईंना हे मी अजून या शब्दांत सांगितलेलं नाही.)

काही सुशिक्षित घरांत हायड्रोजन पेरॉक्साइड पाजतात असं ऐकलं असेल. ते कुत्र्याला डॉक्टर देववतात कधीकधी, पण ठरावीक ताकदीचं, वजनावर मोजून आणि त्यांनी सांगितलं तरच. मांजराला तर कधीच नाही, त्याच्या पोटाच्या अस्तराला ते जाळतं. आणि पिल्लू आधीच पेंगुळलं असेल, झटके देत असेल, किंवा त्यानं रॉकेलसारखं तेलकट किंवा जळजळीत काही प्यायलं असेल, तर ओकवणं म्हणजे दुसरं संकट. जाताना जाळलं, येताना पुन्हा जाळणार.

मग आपण करायचं काय? डॉक्टरांनी फोनवर मला सहा प्रश्न विचारले. त्यांतल्या चारांची उत्तरं माझ्याकडे नव्हती. कोणतं औषध? पाकिटावरचं बारीक नाव वाचा, दुकानाचं नाव नको. एका गोळीत किती मिलिग्रॅम? किती गोळ्या गेल्या? केव्हा? पिल्लाचं वजन किती? आता कसं आहे?

मी बी.ए. मराठीची, आकडेमोड हा काही माझा प्रांत नाही. पण त्या दिवशी मी गोळ्या मोजल्या. आठ आणल्या होत्या. रविवारी दीड, सोमवारी दीड, म्हणजे तीन गेल्या. पाच शिल्लक हव्यात. देवळीत पाच निघाल्या आणि माझ्या जिवात थोडा जीव आला, कारण टिप्यानं पाकीट फोडलेलं नव्हतं. जास्तीत जास्त अर्धीच गोळी त्याच्या पोटात होती. तुम्हीही आधी हेच करा. जमिनीवरचे तुकडे, फाटलेलं पाकीट, सगळं गोळा करा, मोजा आणि बरोबर न्या. किती गेलं ते नक्की कळत नसेल तर जास्तीत जास्त जितकं गेलं असेल तितकं धरा. "थोडंसंच चाटलं असेल हो," हे आपलं मन सांगतं. मनाचं त्या वेळी ऐकू नये.

वजनाचं कोडं धाकट्यानं सोडवलं. समोरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर टिप्याला पिशवीत घालून ठेवला, चार किलो भरला. घरात माणसांचं वजन करायचा काटा असेल तर आधी पिल्लाला घेऊन उभ्या राहा, मग एकट्या, आणि वजाबाकी करा.

आता हिशेब पाहा. मेलोक्सिकॅम कुत्र्यांनाही देतात, ते काही त्यांना वर्ज्य नाही. पण पहिल्या दिवशी दर किलोला ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे ०.१. म्हणजे चार किलोच्या टिप्याला डॉक्टरांनी दिलंच असतं तर पहिल्या दिवशी ०.८ मिलिग्रॅम दिलं असतं, एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. अर्ध्या गोळीत ५० मिलिग्रॅम होतं. साठ पटींहून जास्त! सर्ज्याला दर किलो अर्धा मिलिग्रॅम चालतो आणि त्याचं वजन तीनशे किलो. त्याच्या दृष्टीनं अर्धी गोळी म्हणजे चिमूट, टिप्याच्या दृष्टीनं डोंगर.

"तासाभराच्या आत आणा," डॉक्टर म्हणाले. औषध पोटात असतं तोवर काढता येतं, पुढे आतड्यात आणि रक्तात उतरलं की येत नाही. साधारण एक-दोन तास हाताशी असतात, त्यातले वीस मिनिट आमचे गेलेच होते. यांना फोन करून बोलावलं आणि मोटरसायकलवर, टिप्याला भाजीच्या पिशवीत घालून, मान तेवढी बाहेर, आम्ही तालुक्याला निघालो. सासूबाई दारात उभ्या. "कुत्र्याच्या पिल्लापायी एवढं कायले?" म्हणाल्या खऱ्या, पण पिशवीत जुनं लुगडं त्यांनीच घडी करून घातलं होतं.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर पाच-सात मिनिटांत टिप्या ओकला. गूळ, शिळ्या भाकरीचे तुकडे आणि पांढरा लगदा. मग तो काळा कोळसा पाण्यात कालवून सिरिंजनं गालाच्या आतून थोडा थोडा पाजला, आणि पायाच्या शिरेत सुई घालून सलाईन सुरू झालं. पोटाच्या अस्तरासाठी वेगळी औषधं. मला वाटलं, झालं, संध्याकाळपर्यंत घरी. डॉक्टर म्हणाले, "बाई, दोन दिवस तरी सलाईन. लक्षणं आज दिसणार नाहीत."

हीच मोठी फसवणूक आहे. दुखणं थांबवणारी ही औषधं दोन ठिकाणी घाव घालतात. पोटाच्या अस्तराचं रक्षण करणारे जे पदार्थ शरीर स्वतः बनवतं, ते बनणंच ही औषधं थांबवतात, म्हणून पोटात व्रण पडतात आणि रक्त झिरपतं. मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठाही त्याच पदार्थांवर चालतो, तोही आटतो. पिल्लू पहिले काही तास मजेत उड्या मारतं. दुसऱ्या, तिसऱ्या, कधी पाचव्या दिवशी खाणं सोडतं, ओकतं, डांबरासारखी काळी शी करतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, पाणी भसाभसा पितं, किंवा लघवीच कमी होते. "कालपर्यंत तर चांगलं होतं हो," असं म्हणून घरोघरी पिल्लं जातात, ती अशी.

टिप्या सलाईनखाली झोपला होता. बाहेर पाऊस. मी डॉक्टरांना सहज विचारलं, इतकं जड औषध आमच्या गोठ्यात कशाला द्यावं? त्यांनी मला उत्तर दिलं ते गिधाडांचं, आणि ते मला इतकं विलक्षण वाटलं की घरी येऊन मी मामंजींना विचारलं, शाळेत येऊन पुस्तकांत शोधलं.

मामंजी सांगतात, त्यांच्या तरुणपणी गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागेवर गिधाडांची पंगत बसायची. मेलेला बैल तासा-दोन तासांत साफ, नुसता सांगाडा. आता त्या जागेवर कुत्री असतात. गिधाडं गेली कुठे, हे गावात कुणाला कळलं नव्हतं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या डॉ. विभू प्रकाश यांनी राजस्थानात भरतपूरला १९९० च्या दशकात ही घट नोंदवली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर १९९२ ते २००७ या काळात भारतात हजारातली नऊशे नव्व्याण्णव नाहीशी झाली. आधी वाटलं काही साथ असेल. २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण निघालं. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं तपासली, त्यांत डायक्लोफेनॅक सापडलं. हे जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं स्वस्त औषध. औषध घेतल्यावर दोन-चार दिवसांत बैल मेला आणि गिधाडांनी तो खाल्ला, की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी. आत यूरिक आम्लाची पांढरी पुटं चढलेली.

बैलाचं औषध, बैलाच्या मालकानं चांगल्या मनानं दिलेलं, आणि मेलं कोण? २००६ साली भारतात जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवायला बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलीटरपुरती मर्यादित केली. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकही बंद झाली. आणि डायक्लोफेनॅकच्या जागी गिधाडांना सोसणारं म्हणून जे पुढे आलं, ते मेलोक्सिकॅम. तेच, जे टिप्याच्या पोटात होतं. गिधाडाला न बाधणारं औषध, प्रमाण चुकलं की चार किलोच्या पिल्लाला पुरून उरतं. सर्ज्याला मेलोक्सिकॅमच दिलं हे बरोबरच होतं. चूक गुळाची होती आणि माझ्या पाठ फिरवण्याची होती.

हरियाणात पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये आपल्या विदर्भात, पेंच आणि ताडोब्याला आणली, असं वाचून मामंजींना फार बरं वाटलं. "इकडे येतीन का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघू या.

तर आता इतर औषधांकडे वळू. प्रत्येक घरात मेलोक्सिकॅम नसेल, पण दुसरं काही असतंच.

कारंजा, वाशीम, अकोला अशा ठिकाणी लोक हल्ली लॅब्राडोर वगैरे पाळतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांधेदुखीच्या गोळ्या आता मांसाच्या चवीच्या मिळतात, कुत्र्यानं आनंदानं खाव्यात म्हणून. तो आनंद घरातल्या पिल्लालाही होतो. एक गोळी खाऊन ते थांबत नाही, अख्खा डबा फस्त करतं. प्लॅस्टिकचं झाकण दातांपुढे काहीच नाही. अशा गोळ्या खाऊच्या डब्याशेजारी कधी ठेवू नका.

जंताच्या औषधात आयव्हरमेक्टिन असतं. फार उपकारक औषध, त्याच्या शोधासाठी २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. पण गाई-बैलांना ते दर किलो २०० मायक्रोग्रॅम देतात, आणि कुत्र्यांना हृदयातल्या जंतापासून बचाव म्हणून फक्त ६ मायक्रोग्रॅम. बैलाच्या बाटलीतला उरलेला थेंब पिल्लानं चाटला तर पटीचा हिशेब तुम्हीच करा. कोली जातीच्या कुत्र्यांच्या मेंदूत तर ते सहज शिरतं, त्यांना अगदी थोडंही जास्त झालं तरी बाधतं. पिल्लू दारू प्यायल्यासारखं झोकांड्या देऊ लागलं, बाहुल्या मोठ्या दिसल्या, आंधळ्यासारखं भिंतीला धडकलं, तर थांबू नका.

गोचिडांची औषधं म्हणजे तर साक्षात विषच, पाण्यात पातळ करून अंगावर लावायची. म्हशीला लावून उरलेलं बादलीतलं पाणी आपण अंगणात तसंच ठेवतो, आणि पिल्लू तहानेलं असतं. अमिट्राझ असेल तर पिल्लू गळून जातं, नाडी मंदावते, अंग थंड पडतं. अंगावर सांडलं असेल तर आधी साबणानं धुवा, धुताना स्वतः हातात पिशवी घाला, आणि मग निघा. तोंडातून गेलं असेल तर फक्त निघा.

मांजर असेल तर आणखी जपा. कुत्र्याच्या मानेवर टाकायची गोचिडांची जी औषधं असतात, त्यांतल्या काहींत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजर थरथरून झटके देऊन मरतं. औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलं तरी त्रास होतो. आणि पॅरासिटामॉल! जनावरांच्या काही दुखण्याच्या गोळ्यांत ते मिसळलेलं असतं, आपल्या घरात तर असतंच. मांजराच्या शरीराला ते पचवताच येत नाही. तापाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. मांजराच्या हिरड्या तपकिरी-निळसर दिसल्या, तोंड सुजलं, तर ओळखा.

कॅल्शियमचं टॉनिक त्या मानानं गरीब. चार थेंबांनी जुलाब होतील, बाकी काही नाही. पण त्यात ड जीवनसत्त्व असेल आणि पिल्लानं बरंच प्यायलं असेल तर फोन कराच.

फोन कुणाला, असं तुम्ही विचाराल. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आणि जवळच्या डॉक्टरांचा नंबर गॅसच्या सिलिंडरच्या नंबराशेजारी भिंतीवर लिहून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. आपल्या भागात मोठ्या तपासण्यांसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १९५८ पासूनचं. आणि एक करू नका. पिल्लू कण्हतंय म्हणून आपल्या मनानं दुसरी दुखण्याची गोळी देऊ नका. व्रणावर ती मीठ चोळते.

टिप्याचं पुढे काय झालं, ते राहिलंच. मंगळवारी तो बरा होता. मंगळवारी रात्री त्यानं भात ओकला, त्यात कॉफीच्या गाळासारखं तपकिरी काही होतं. मी ते प्लॅस्टिकच्या डबीत भरून घेतलं. हसू नका, डॉक्टरांना त्यावरून बरंच कळतं. बुधवारी शी काळी झाली. त्या दिवशी मी सातवीच्या वर्गात कविता शिकवत होते आणि मला एक ओळ सुचेना. मुलींना कळलं. मधल्या सुट्टीत एकीनं येऊन विचारलं, "बाई, टिप्या कसा आहे?" गावात काही लपत नाही.

गुरुवारी अकोल्याला रक्त तपासलं. मूत्रपिंडाचा आकडा थोडा चढलेला निघाला, थोडाच. सलाईन आणखी एक दिवस वाढवलं, पोटाची औषधं पंधरा दिवस. त्याच संध्याकाळी घरी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं होतं. सर्ज्याची सूज उतरली होती. शेवटचा दीड गोळीचा डोस यांनी मंगळवारीच दिला होता, बांबूच्या नळकांड्यातून पाण्यात विरघळवून, आणि तो संपूर्ण घशाखाली उतरेपर्यंत मी समोर उभी होते. टिप्या त्या वेळी दवाखान्यात होता, तरी मी उभी होते.

उरलेल्या साडेतीन गोळ्या आता पत्र्याच्या डब्यात, डब्याला कडी, डबा गोठ्याच्या आढ्याला. डब्यात एक वही आहे, तीत तारीख, जनावर, किती गोळ्या दिल्या, किती उरल्या असं लिहायचं. ही वही मामंजी लिहितात, मोडीतल्या वळणाची त्यांची अक्षरं मला लागत नाहीत, पण आकडे लागतात. मुदत संपलेली औषधं आम्ही आता उकिरड्यावर टाकत नाही, गावातली सारी कुत्री तिथेच जेवतात. दवाखान्यात परत नेऊन देते. औषध चालू असताना जनावर दगावलं तर उघड्यावर टाकायचं नाही, खोल पुरायचं, हेही मामंजींनी आपणहून ठरवलं. ते गिधाडांचं त्यांनी मनावर घेतलंय.

पोळ्याला सर्ज्या तोरणाखाली उभा राहिला, पाय थोडा उचलून, पण उभा राहिला. पुरणपोळीचा पहिला घास त्याला, दुसरा त्याच्या जोडीदाराला. टिप्याला त्या दिवशी मऊ भात आणि पाणीच. तो गव्हाणीपासून चार हात लांब, धाकट्यानं दोरीनं बांधलेला, सगळ्यांच्या ताटांकडे पाहत बसला होता. सासूबाईंनी पुरणाचं बोट त्याच्या नाकापुढून फिरवलं आणि माझ्याकडे बघून मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गावातली पोरं लाकडी बैल सजवून निघाली, आमचा धाकटाही निघाला. परत आला तो रडतच. टिप्यानं दोरी चावून तोडली होती आणि लाकडी बैलाचा डावा कान खाऊन टाकला होता. मी बैल हातात घेतला, उलटा केला आणि आधी विचारलं, "याला रंग कसला लावलाय रे?"